हाडं भाजणारे साडू

परमेश्वराने हे जग घडवलं खरं, पण भाजताना घाई केली, असं ज्यांचं प्रामाणिक मत होतं असे गृहस्थ माझ्या पाहण्यात एकच होऊन गेले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सातपूरला विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तयार करणारा एक कारखाना होता. तिथल्या भट्टीवर त्यांनी तीस वर्षं काढली आणि त्या तीस वर्षांत त्यांना कच्ची दिसली नाही अशी वस्तू नाही. विटा कच्च्या, पाव कच्चा, नव्याने लागलेले इंजिनिअर कच्चे, सरकार तर अगदीच कच्चं. 'भाजणं' हा शब्द ते कारखान्यातल्या कामाला वापरत नसत, तो बायकांचा. ते 'सिंटरिंग' म्हणत. मातीचे कण तापले की वितळायच्या आतच एकमेकांना चिकटायला लागतात, मधली पोकळी बुजत जाते, वस्तू आटते आणि घट्ट होते, एवढाच त्याचा अर्थ. एवढं सांगायला मला एक वाक्य लागलं, त्यांना पाऊण तास लागायचा. आणि तो पाऊण तास त्यांनी माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला एकदा तरी दिलेला आहे.

इन्सुलेटर भट्टीतून निवून बाहेर आला की लाकडी हातोडीने ठोकून बघायचा असतो. नीट भाजलेला असेल तर टण्ण वाजतो, आत चीर नाहीतर पोकळी असेल तर बद्द. साडूंचा कान या कामात इतका तयार झाला होता की कारखान्यातली माणसं यंत्रापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायची. तक्रार अशी की तो कान ते सुटीच्या दिवशीही घेऊन हिंडायचे. चहा आला की आधी नखाने कप वाजवायचे आणि मग चेहऱ्यावर जो भाव येईल त्यावरून यजमानीणबाईंनी आपली लायकी ओळखायची. मेनरोडवरच्या एका कपबशीवाल्याने तर त्यांना लांबून येताना पाहून शटर अर्धं ओढून घेतलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी हे गृहस्थ थोरले जावई म्हणून समोर बसले होते. मला चार प्रश्न विचारले, माझ्या टेलिफोन खात्यातल्या नोकरीची चौकशी केली, हातातला कप दोनदा वाजवला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा बरा आहे. थोडा कच्चा आहे, पण संसारात निघेल भाजून." लग्न ठरलं. सासरच्या मंडळींच्या मते हे त्यांचं आजवरचं सर्वांत उदार मत होतं.

दुसरी खोड आटण्याची. कच्ची माती भाजली की लांबीरुंदीला पाचवा-सहावा हिस्सा तरी आटते, म्हणून साचा मोठा करावा लागतो. हे गणित त्यांच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की इंदिरानगरला घर बांधल्यावर त्यांनी सुताराला कपाटाची मापं देताना सवयीने प्रत्येक मापात तेवढी भर घातली. सुतार बिचारा दोनदा म्हणाला, "साहेब, दरवाज्यातून आत कसं जाणार?" साडूंनी त्याला आटण्यावर व्याख्यान दिलं. सागवानाचं ते कपाट ज्या दिवशी घरी आलं त्या दिवशी दारातच अडलं आणि पुढची अकरा वर्षं व्हरांड्यात उभं राहिलं. त्यात ताई कांदे ठेवायच्या. या विषयावर साडूंपुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही असा घरात दंडक होता आणि तो मी दर भेटीत मोडायचो.

तिसरी खोड नोंदींची. भट्टीपाशी एक वही असते. किती वाजता पेटवली, दर अर्ध्या तासाला किती तापली, किती वेळ धरून ठेवली, कधी बंद केली, सगळं त्यात लिहायचं. साडूंनी ती पद्धत घरात आणली. स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगलेली असे आणि तिच्यात त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात 'चकली, दुसरा घाणा, आच मंद, खुसखुशीतपणा असमाधानकारक' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. ताई शांत बाई म्हणून हा संसार टिकला. खोटं मात्र त्या माणसाने वहीत कधी लिहिलं नाही. स्वतःच्या चुकीमुळे बिघडलेल्या घाण्यापुढेही 'भट्टीवाल्याची चूक' असं लिहून खाली सही ठोकलेली असायची. तोंडाने मात्र चूक कबूल करायचा प्रसंग त्यांनी आयुष्यभर टाळला.

त्यांना एकच मुलगी, प्राची. हुशार, अबोल, आणि बापाने एकदा तरी पाठीवर हात ठेवावा म्हणून जिवाचं रान करणारी. बारावीला तिला इतके गुण मिळाले की मी पेढे घेऊन नाशिकरोडहून स्कूटर हाणत गेलो. साडू गुणपत्रिका हातात धरून बसले होते. "ठीक," ते म्हणाले, "अजून थोडी धग चालली असती." पोर आत निघून गेली. मी पेढा त्यांच्या हातावर जरा जोरातच ठेवला. पुढे ती दातांची डॉक्टर झाली, तेव्हाही 'ठीक'. पुढच्या पदवीला प्रवेश मिळाला, तेव्हाही 'ठीक'. हा शब्द त्यांच्याकडे बहुधा घाऊक भावाने आलेला असावा.

नव्वदचं दशक सरता सरता कारखान्याने माणसं कमी करायला घेतली आणि साडू स्वेच्छेने, म्हणजे दुसऱ्यांच्या इच्छेने, घरी बसले. भट्टीवाल्याला घरी बसवणं म्हणजे शेजारपाजाऱ्यांवर सूड. सोसायटीतल्या प्रत्येक फरशीचा आवाज त्यांनी तपासला. गणपतीच्या दिवसांत मूर्तीच्या दुकानात जाऊन "ही भाजलेली नाही, नुसती वाळवलेली आहे" असं गिऱ्हाइकांना सांगून त्यांनी एका मूर्तिकाराला रडकुंडीला आणलं. अशी काही वर्षं गेली, आणि एके दिवशी जेवताना प्राचीच्या तोंडून तिच्या प्रबंधाचा विषय निघाला. जबड्याचं हाड झिजतं, गाठ काढल्यावर तिथे खड्डा राहतो. तो भरायला हाडातच असतं त्या क्षाराचा सिरॅमिक तुकडा बसवतात, आणि तो किती तापमानाला भाजला यावर त्याचा गुण ठरतो. साडूंचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या धुण्याच्या मोरीशेजारी विटा येऊन पडल्या.

भट्टी त्यांनी स्वतः बांधली, विजेची, सोळा दिवसांत. ती बघायला मी गेलो. कबूल करायला जड जातं, पण ती देखणी होती. प्रश्न कच्च्या मालाचा होता. तो क्षार काढायचा सोपा मार्ग म्हणजे बोकडाची हाडं स्वच्छ करून, जाळून, दळून घ्यायची. ज्या घरात अंडंसुद्धा शिरलं नव्हतं त्या घरातला हा कर्ता पुरुष माझ्या स्कूटरवर मागे बसून देवळाली कॅम्पातल्या मटणाच्या दुकानापुढे उतरला. मी तोंडाला रुमाल बांधून लांब उभा होतो. दुकानदाराने अदबीने विचारलं, "साब, हड्डी कुत्ते के लिए चाहिए?" साडू म्हणाले, "नाही. माणसासाठी." दुकानदाराने सुरा खाली ठेवला आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पुढच्या वेळी आम्हाला दुसरं दुकान शोधावं लागलं. ती हाडं ताईंच्या जुन्या कुकरमध्ये उकडली, तेव्हा ताईंनी शांतपणे तो कुकर, झाकण आणि शिट्टीसकट, साडूंच्या नावावर करून दिला आणि आठ दिवस माझ्या घरी राहायला आल्या.

मग भोकं. हाडासाठी तुकडा नुसता घट्ट असून भागत नाही. त्यात बारीक पोकळ्या लागतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या लागतात, म्हणजे शेजारचं जिवंत हाड त्यातून आत वाढत जातं. त्यासाठी भुकटीत असं काहीतरी मिसळायचं की जे भट्टीत जळून जाईल आणि जागा रिकामी ठेवेल. प्राचीने पुस्तकात वाचून काही महागडे मणी सांगितले. साडूंनी ताईंच्या डब्यातला बारीक रवा घेतला. चाळणीने चाळून एकसारखा केला, भुकटीत मिसळला, दाबून वड्या पाडल्या. रवा जळून जाताना घरभर शिऱ्याचा वास सुटायचा आणि शेजारच्या बाई वाटी घेऊन चौकशीला यायच्या. मात्र स्वतःच्या हाताने भोकं पाडताना साडूंचा जीव कासावीस व्हायचा. त्यांचं सगळं आयुष्य पोकळीशी वैर धरण्यात गेलेलं. जावयाची सरबराई करावी लागते म्हणून करणाऱ्या सासूसारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

प्राचीने सगळं सोपं करून लिहून दिलं होतं. तीन गट, प्रत्येकी दहा तुकडे. पहिला अकराशे अंशांना भाजलेला, दुसरा बाराशेला, तिसरा तेराशेला. "बाबा," ती मला ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणाली, "मला उत्तम तुकडे नकोत. वेगवेगळे हवेत. कच्चा तो कच्चाच राहू दे." साडूंनी मान हलवली. दोन आठवड्यांत तीन डब्या तयार झाल्या, कापसात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर मोत्यासारखं अक्षर. कॉलेजात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर साडू मागून माझा खांदा दाबायचे.

महिन्याभराने ताईंचा फोन आला, ताबडतोब या. गेलो तर प्राची कोचावर बसून रडत होती. तिने तुकडे कॉलेजच्या यंत्रात घालून दाबून फोडले होते, किती जोर लागतो ते मोजायला. अकराशेचा तुकडा सहज फुटायला हवा, तेराशेचा सर्वांत उशिरा. पण तिन्ही गटांचे आकडे जवळजवळ सारखे आले. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे आकडे मोजलेस की घरी बसून लिहिलेस?" पोरीने आयुष्यात साधी कॉपी केली नव्हती. मॅडम म्हणाल्या, खुलासा दे, नाहीतर हे वरती कळवावं लागेल. दिवाळीच्या आत प्रबंध द्यायचा होता. वरती कळवलं असतं तर प्रबंध राहिलाच बाजूला, पदवीही गेली असती आणि नावही.

"यंत्र खराब असणार," साडू म्हणाले. "या कॉलेजांची यंत्रं... कुणी तपासतं का कधी?" बराच वेळ ते यंत्रांवर बोलले. मी त्यांच्याकडे बघत होतो. तीस वर्षांत त्यांना नजर चुकवताना मी प्रथमच पाहत होतो. मी उठलो, पाणी पिण्याच्या निमित्ताने मागे गेलो आणि भट्टीपाशी टांगलेली वही काढली. पहिल्या गटाच्या पानावर अकराशेच्या सगळ्या नोंदी नीट होत्या. त्यांच्या खाली, दोन दिवसांनंतरची, आणखी एक नोंद होती. 'पहिला गट, पुन्हा तेराशेपर्यंत. कारण: आवाज बरोबर नाही.' पान उलटलं. दुसऱ्या गटाखालीही तेच. खाली सही.

मी वही आणून त्यांच्यापुढे टीपॉयवर ठेवली. प्राचीने ती वाचली. ओरडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना बाबा?" साडू म्हणाले, "अगं, बद्द वाजत होते. तसले तुकडे माझ्या हातून तुझ्याकडे... मला वाटलं, चांगलं करून द्यावं." ती उठून खोलीत गेली आणि त्या दिवसापासून बापाशी बोलायची बंद झाली. मला इतका संताप आला होता की मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तर साडू माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. "कॉलेजला सोडा," म्हणाले. मी न बोलता सोडलं आणि आतही गेलो, कारण या माणसावर माझा विश्वास राहिला नव्हता. मॅडमच्या केबिनमध्ये ते बसले नाहीत. वही उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मुलीने आकडे खरे लिहिलेत. चूक माझी आहे." एवढी सात शब्दांची दोन वाक्यं बोलायला त्यांना कपाळाचा घाम दोनदा पुसावा लागला. मॅडमनी पानं वाचली. "पण तुम्ही असं केलंत का?" साडू म्हणाले, "आवाज बरोबर नव्हता." मॅडमना यातलं काहीही कळलं नाही, पण वही कळली. इतक्या स्वच्छ नोंदी आपल्या विद्यार्थ्यांकडेही नसतात असं त्या म्हणाल्या. आरोप मागे घेतला. पहिले दोन गट तीन आठवड्यांत नव्याने हवेत, आणि भट्टीपाशी यांच्याशिवाय दुसरं कुणीतरी जबाबदार माणूस हवं, अशी अट घातली. साडूंनी माझ्याकडे बोट केलं. मला जबाबदार म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

आता नवी अडचण वीज. त्या वर्षी लोडशेडिंगने कहर केला होता. हे तुकडे सावकाश तापवावे लागतात, नाहीतर आतला रवा एकदम जळून तडे जातात. वर पोचल्यावर दोन तास तापमान धरून ठेवावं लागतं. मध्ये वीज गेली की सगळं मातीमोल. इंदिरानगरला दिवसाचे पाच-पाच तास वीज नसायची. शेवटी साडूंना त्यांचे दिंडोरीचे शाळासोबती आठवले, नाना. नानांचं द्राक्षांचं शीतगृह होतं आणि त्याला मोठा जनरेटर. भट्टी टेम्पोत घालून आम्ही तिकडे गेलो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. आतल्या खोल्यांत स्वेटर घातलेल्या बायका घड पेट्यांत भरत होत्या आणि बाहेरच्या पडवीत बनियनवर बसलेले साडू हाडं तापवत होते. नाना येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आरं, मी इथं थंड करायला लाखाचं बिल भरतो, अन् तू भट्टी घेऊन आला. लय भारी काम हाय तुझं." साडूंनी सिंटरिंग समजवायला सुरुवात केली. नाना म्हणाले, "नाय नाय, तू भाज. मला बाग बघायची हाय."

पहाटेच भट्टी सुरू केली होती. उन्हं कलायला लागली तेव्हा काटा अकराशेवर येऊन थांबला. आता फक्त दोन तास तिथेच थांबायचं. मी खुर्ची ओढून तापमानाच्या खुंटीपाशी बसलो. साडू समोर स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. दहा मिनिटं बरी गेली. मग म्हणाले, "पन्नासच अंश वाढवू." मी म्हटलं, नाही. "पंचवीस? पंचवीसने कुणाला कळणार?" नाही. "तुम्हाला काय कळतं हो यातलं?" मी म्हटलं, "काही नाही. म्हणूनच मला बसवलंय." ते उठले, पडवीत येरझाऱ्या घातल्या, एका मजूरबाईच्या हातातला पाण्याचा माठ वाजवून पाहिला, परत आले. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. इतक्या वर्षांची उधारी फिटत होती.

मग ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक इन्सुलेटर त्यांच्या हाताखालून गेला होता. आवाज जरासा बद्द वाटला होता. पाळी संपत आली होती, म्हणून चालवून घेतला. तो कुठल्यातरी खेड्यात खांबावर चढला आणि पहिल्या पावसाळ्यात फुटला. वर काम करणारा वायरमन वाचला, पण त्याचा उजवा हात गेला. चौकशीत कुणालाच दोष लागला नाही. "वहीत लिहिलं नव्हतं मी," साडू म्हणाले. "तेवढं एकच लिहिलं नव्हतं." हे त्यांनी ताईंनाही सांगितलं नव्हतं. आजवर मी या माणसाच्या कपबश्या वाजवण्यावर डझनभर विनोद केले होते आणि चारचौघांत टाळ्या घेतल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. पण खुंटीवरचा हात मी काढला नाही, आणि दोन तास भरले तेव्हा बटण त्यांनी स्वतः बंद केलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. तुकडे पांढरेफटक, हलके. त्यांनी एक उचलला, नख त्याच्यापाशी नेलं, आणि न वाजवताच कापसात ठेवून दिला. बाराशेचा गटही पुढच्या दोन दिवसांत तसाच झाला. या वेळी डब्या प्राचीला मीच नेऊन दिल्या, कारण ती अजूनही बोलत नव्हती. घरात "ताटं वाढलीत", "दार लावा" एवढंच. आकडे या वेळी जसे यायला हवे होते तसे आले. मग प्रत्येक गटातले न फोडलेले तुकडे सशांच्या जबड्यात बसवले आणि तीन महिने वाट पाहिली. त्या तीन महिन्यांत साडू दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. मी गेलो की विचारायचे, "काही म्हणाली का?" ससे कसे आहेत हे ते कधी विचारत नसत.

पावसाळ्यात एका दुपारी ऑफिसात माझ्या टेबलावर फोन वाजला. "काका," प्राची म्हणाली, "बाबांना घेऊन याल?" प्रयोगशाळेत तिने आम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. आधी तेराशेचा तुकडा बसवलेल्या जबड्याचा काप लावला. साडूंनी डोळा लावला. त्यांच्या आवडीचा, टण्ण वाजणारा तुकडा. हाड त्याच्या कडेपर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं, कारण पोकळ्यांना जोडणाऱ्या वाटा भाजताना बुजून गेल्या होत्या. मग अकराशेचा. त्यात हाड आतपर्यंत गेलं होतं, पण तुकडाच कडेने ढासळत होता. शेवटी बाराशेचा. साडू बराच वेळ वाकून राहिले. त्यांची मान दुखायला लागली असावी, तरी हलेनात.

"हे गुलाबी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नवं हाड, बाबा. तुम्ही केलेल्या तुकड्यात वाढलंय."

"आत कसं गेलं?"

तिने सांगितलं. ते स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "थांब. पहिल्यापासून सांग. मला यातलं माहीत नाही." आयुष्यभर ज्यांनी जगाला पाऊण पाऊण तास समजावून सांगितलं, ते त्या दिवशी मुलीच्या पुढ्यात बसून ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. ती आधी अडखळत होती, मग मोकळी झाली, कागदावर चित्रं काढायला लागली. मी खिडकीपाशी उभा होतो. माझे डोळे भरून आले होते हे सांगायला आता हरकत नाही.

जिना उतरताना साडूंनी माझा दंड धरला. "पोरगी छान समजावून सांगते हो," म्हणाले. "माझ्यापेक्षा छान." मी म्हटलं, "हे तिला सांगा ना." ते म्हणाले, "तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं." मी सांगितलं नाही. हे त्यांच्याच तोंडून तिने ऐकायला हवं, असा माझा हट्ट होता. आज ना उद्या धीर करतील, असं वाटत होतं. प्रबंध झाला, पदवी झाली, प्राची लग्न होऊन गेली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात साडू एका सकाळी चहा पिता पिता गेले. तो धीर त्यांना झाला होता की नाही, मला ठाऊक नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर महिन्याभराने मी तिला फोन केला आणि जिन्यातलं ते वाक्य सांगितलं. दोन वर्षं ते मी स्वतःपाशी ठेवलं होतं, माझ्या हट्टापायी, याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, परत एकदा सांगा. ते म्हणाले तसंच." मी परत एकदा सांगितलं.